पीएचडी केली तर स्पेशालिटीचं दार उघडतं का?

प्रश्न : एमबीबीएस आणि इंटर्नशिप झाली आहे. नीट-पीजीत मनासारखी रँक आली नाही. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाने शिष्यवृत्तीसह साडेतीन वर्षांची पीएचडी देऊ केली आहे. ती करून तिथे स्पेशालिटी ट्रेनिंगला अर्ज केला तर उपयोग होईल का? आणि परत आले तर इथे? – एक वाचक, सातारा

उत्तर : इथलं आधी सांगतो, कारण ते एका वाक्यात संपतं. एमडी-एमएसची सीट नीट-पीजीच्या 800 गुणांवरच्या रँकवर मिळते आणि पीएचडीचा एक गुणही त्यात धरला जात नाही. तीन-चार वर्षं क्लिनिकल पुस्तकांपासून लांब राहून पुन्हा ते 200 प्रश्न सोडवायला बसणं उलट जड जातं.

ब्रिटनमध्ये शाखेनुसार चित्र बदलतं. जीपी (फॅमिली डॉक्टर) आणि मानसोपचाराच्या पहिल्या टप्प्यावर निवड एमएसआरए या संगणकीय परीक्षेच्या गुणांवर होते. तिथे पीएचडी कोणी विचारत नाही. काही शाखांत पदव्युत्तर पदवीला ठरावीक गुण असतात, पण तेही थोडे आणि बदलते. त्यामुळे ज्या वर्षी अर्ज करणार, त्याच वर्षीचा गुणतक्ता उघडून बघा. चार वर्षांपूर्वी गेलेल्या सीनियरच्या सांगण्यावर निर्णय घेऊ नका.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती बहुतेकांना उशिरा कळते. तिथलं फाउंडेशन ट्रेनिंग (पदवीनंतरचं दोन वर्षांचं प्राथमिक प्रशिक्षण) न केलेल्या डॉक्टरला अर्जासोबत ‘क्रेस्ट’ हा, स्पेशालिटी ट्रेनिंगसाठी तयार असल्याचा दाखला देणारा फॉर्म जोडावा लागतो. तुमच्यासोबत किमान तीन महिने सलग काम केलेल्या कन्सल्टंटनेच तो भरायचा, आणि ते काम पद सुरू होण्याआधीच्या साडेतीन वर्षांतलं हवं. ऑगस्ट 2027 चं पद असेल, तर फेब्रुवारी 2024 च्या आधीचं काम बाद. म्हणजे तुमची साडेतीन वर्षांची पीएचडी ही सगळी मुदत गिळून टाकते! फॉर्ममधली एक चौकट कोरी राहिली तरी अर्ज बाद होऊ शकतो. सही करणारे कन्सल्टंट भारतातले असले तरी चालतं, मात्र त्यांच्या नोंदणीचा पुरावा सोबत लागतो.

म्हणून पीएचडी घ्यायचीच असेल, तर प्रबंध दिल्यावर लगेच अर्ज करू नका. अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघतात. त्याआधी तिथल्या उन्हाळ्यात (जून-ऑगस्ट) वॉर्डातली नोकरी धरा, तीन महिने सलग पूर्ण करा, मग फॉर्म भरून घ्या. जीएमसी (ब्रिटनमधली डॉक्टरांची नोंदणी करणारी परिषद) नोंदणीचं कामही पीएचडी चालू असतानाच उरकून ठेवा. शिकता शिकता रुग्णालयात शिफ्ट करू म्हणाल, तर विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांचीच मुभा असते, हे लक्षात असू द्या.

पीएचडीचं खरं वजन पुढे, संशोधनाच्या वाटेवर पडतं. ‘अकॅडेमिक क्लिनिकल लेक्चरर’च्या पदावर अर्धा वेळ वॉर्ड आणि अर्धा वेळ संशोधन असतं, तिथे ती लागतेच. त्याआधीची ‘अकॅडेमिक क्लिनिकल फेलोशिप’ मात्र मुख्यतः पीएचडी व्हायची असलेल्यांसाठी आहे. तिच्यात पाव वेळ संशोधनाला मिळतो आणि पीएचडीची तयारी ट्रेनिंगमध्ये राहूनच होते. संशोधनाची ओढ खरी असेल, तर आधी ट्रेनिंग आणि मग पीएचडी हा क्रम आम्हाला जास्त सुरक्षित वाटतो. फक्त सीटसाठी साडेतीन वर्षं देणार असाल, तर ती एमएसआरएच्या तयारीला आणि वॉर्डातल्या कामाला द्या.