डॉक्टर पगारी असेल तर उपचार वेगळे मिळतात का?

हो, मिळतात. मी एका खासगी हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये बरीच वर्षं होतो. महिनाअखेरीस कुठल्या डॉक्टरला किती पैसे जायचे, ते शीट मीच बनवायचो. डॉक्टरकीतलं मला कळत नाही, पैसा कुठून कुठे जातो ते कळतं.

आमचे बहुतेक कन्सल्टंट पगारी नव्हते. ओपीडीच्या फीत हिस्सा, ॲडमिट पेशंटला बघितलं की दर व्हिजिटचे पैसे, ऑपरेशनचे वेगळे. टीडीएस कापून उरलेले खात्यात. अपेंडिक्स तेच, सर्जन तोच, पण पेशंट जनरल वॉर्डऐवजी डीलक्स रूममध्ये असला की सर्जनची फी वाढायची. भूलतज्ज्ञाचीही वाढायची, कारण ती सर्जनच्या फीवर ठरते.

आता दोन पेशंट घ्या, एक रोख पैसे भरणारा आणि एक महात्मा फुले जनआरोग्य योजनेतला. योजनेत पॅकेज ठरलेलं. चार दिवस ठेवा नाहीतर सात, हॉस्पिटलला रक्कम तेवढीच. शनिवारच्या राउंडला योजनेवाल्याचे टाके बघून "जा घरी, काही हरकत नाही", आणि रोखवाल्याला "सोमवारी बघू, घाई काय आहे?" डॉक्टर खोटं बोलत नसायचे. दोन्ही निर्णय वैद्यकीयदृष्ट्या चालण्यासारखेच असायचे. पण जिथे दोन्ही चालतं, तिथे पारडं कुठे झुकणार हे बिलाच्या प्रकारावर ठरतं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. डॉक्टर चांगला की वाईट हा मुद्दा पुष्कळदा नंतर येतो.

बाळंतपणात हे आकड्यांत दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशभरात सरकारी दवाखान्यांतल्या सुमारे 14 टक्के बाळंतपणांत सीझर झालं, खासगीत 47 टक्क्यांच्या आसपास. सगळा दोष पैशाला देऊ नका. मुहूर्त काढून येणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, कोर्टकचेरीची भीतीही असते. तरी नॉर्मलसाठी रात्रभर थांबायचं आणि फी कमी, सीझर तासाभरात आणि फी जास्त, हे गणित कुणाला सुटत नाही?

मोठ्या हॉस्पिटलांत आणखी एक प्रकार असतो, मिनिमम गॅरंटी. सुरुवातीला डॉक्टरला ठरावीक रक्कम, मुदत संपली की जेवढं काम तेवढे पैसे. वर 'ओपीडीतून किती ॲडमिशन झाल्या' हा प्रश्न मीटिंगमध्ये असतोच.

मग पगारी बरा? सरकारी डॉक्टरला नको ते ऑपरेशन करून काही मिळत नाही, हे खरं. पण रांगेतला शेवटचा पेशंट तपासूनही जास्त काही मिळत नाही. तिथे त्रास उशिराचा आणि तारखांचा.

'कट'बद्दल, म्हणजे पेशंट पाठवल्याच्या कमिशनबद्दल, विचारलं नाहीत, पण सांगतो. ते घेणं 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार निषिद्ध आहे. 2017 मध्ये महाराष्ट्र सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करून घेतला, तो पुढे रखडला. पाकिटं कमी झाली असतील, पण 'मार्केटिंग'च्या नावाने तेच पैसे जातात.

तातडीचं नसलेलं ऑपरेशन सांगितलं, तर "महिनाभर थांबलो तर काय होईल?" एवढं विचारा. आणि दुसरं मत अशा डॉक्टरकडून घ्या, ज्याला आधीच सांगितलंय की ऑपरेशन तुमच्याकडे करणार नाही. त्याची फी मात्र पूर्ण द्या, घासाघीस करू नका.