ऑटिझमवर औषध कधी येणार?

ताई, तुमचा मुलगा पाच वर्षांचा, म्हणून थेट सांगते: ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर, म्हणजे संवादातल्या, मिसळण्यातल्या अडचणी आणि तेच तेच करत राहणं यांवर, आज मान्यताप्राप्त औषध नाही. रिस्पेरिडोन (२००६) आणि अ‍ॅरिपिप्राझोल (२००९) यांना अमेरिकेत मान्यता मिळाली ती चिडचिडीसाठी, म्हणजे आदळआपट, डोकं भिंतीवर आपटणं यासाठी.

अडचण अशी की कारणं शेकडो जनुकांत विखुरलेली. फ्रॅजाइल एक्स या जनुकीय आजारात अनेकदा ऑटिझमही दिसतो, आणि तिथे तर जनुक एकच. त्यावरची औषधं उंदरांवर छान चालली, तरी माणसांवरच्या मोठ्या चाचण्या फसल्या. रेट सिंड्रोम या दुसऱ्या, मुख्यतः मुलींना होणाऱ्या दुर्मीळ जनुकीय आजारावर मात्र २०२३ मध्ये ट्रोफिनेटाइड हे औषध आलं. तेव्हा मला फार धीर आला.

मुंबईत कुणी स्टेम सेलसाठी लाखो रुपये मागितले तर कृपया देऊ नका, ऑटिझमसाठी तो सिद्ध झालेला उपचार नाही. केईएम, नायर, सायन या पालिका रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपी (मुलाला रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) विभाग आहेत. आधी तिथे केसपेपर काढा.