आडनाव काय गं तुझं?

प्रिय चिऊ,

तुझा मेसेज वाचला, पण फोनवर उत्तर देणं टाळलं. आजी शेजारीच असते, आणि हे नीट सांगायला हवं. तू विचारलंस, क्लासातली मैत्रीण घरी आली, तिने नाव सांगितलं, तरी आजीने "आणि आडनाव काय गं?" का विचारलं? आणि ते ऐकून आजी गप्प का झाली?

आपल्याकडे आडनावावरून बरेचदा जात कळते. ती कळली की माणूस 'आपल्यातला' की नाही ते मनातल्या मनात ठरतं. जात तोंडावर विचारणं वाईट दिसतं, म्हणून आडनाव विचारतात. आजीची माया तुला माहीत आहे, पण तिचा प्रश्न तोच होता. तुझ्या मैत्रिणीलाही तो कळला असणार. लहानपणापासून ज्यांना हे विचारलं जातं, त्यांना ते लगेच कळतं.

मी तुझ्याएवढा असतानाचं सांगतो. ६ डिसेंबर, बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन. १९५६ साली ते गेले. दादर चौपाटीवर जिथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तिथे आज चैत्यभूमी आहे. त्या दिवशी लाखो माणसं येतात, पार विदर्भ-मराठवाड्यातून, पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात. आमच्या बिल्डिंगीत मात्र खालचं फाटक लावून घ्यायचे. गर्दी, घाण, एवढंच बोलायचे.

तरी एकदा एक बाई जिना चढून वर आली. पाणी मागितलं. आजीने नाही म्हटलं नाही, तांब्या भरून आणला. पण हातात दिला नाही. बाईनेही हात पुढे केला नाही. ती उंबऱ्याबाहेर वाकली, ओंजळ तोंडाशी धरली, आणि आजीने वरून धार सोडली. अर्धं पाणी कोपरापर्यंत ओघळून जिन्यात सांडलं. मागे फडताळात पेले ओळीने पालथे घातलेले होते. मला लागलं ते हे, की दोघींपैकी कुणाला काही सांगावं लागलं नाही.

आजीच्या पत्त्यात एस. के. बोले रोड आहे ना? ते सीताराम केशव बोले. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या कराव्यात, हा ठराव त्यांनी १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात आणला. त्यानंतर महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं, तेही कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तिथलं पाणी प्यायले, तर लोकांना मार खावा लागला आणि पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. त्या तळ्यावरच्या हक्काच्या खटल्यात हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. त्याच बोल्यांच्या रस्त्यावर आम्ही वरून पाणी घालत होतो.

इथे सिएटलमध्ये २०२३ साली जातीवरून भेदभाव करायला शहराच्या कायद्याने बंदी आली. तेव्हा एका घरी जेवताना सगळे म्हणत होते, इथे कुठे आहे जात? त्याच पंगतीत नव्याने आलेल्या एका मुलाला मी विचारलं होतं, "पूर्ण नाव काय तुझं?" त्याने सांगितलं आणि ताटाकडे बघत राहिला. मला अजून त्याची माफी मागायची आहे.

काल तू क्लासला गेलेली असताना आजीशी बोललो. "तोंडातून गेलं रे," म्हणाली. मी त्या बाईची आठवण काढली. वाटलं, विसरली असेल. बराच वेळ ती बोलली नाही, मग म्हणाली, "निळ्या काठाचं लुगडं होतं तिचं."

मैत्रिणीला विचार, परत येशील का. नको म्हणाली तर आग्रह करू नकोस.

तुझा,
बाबा