ऑफ-रोड ट्रकच्या शाळेत जाताय? आधी एवढं बघा

रस्त्यावर बसलेला हात वाया जाणार नाही, पण सुरुवातीला तोच आडवा येईल. शिक्षक सांगतील ते, पटो न पटो, आधी तसंच करून बघा.

पहिल्या दिवसापासून एवढं सांभाळा:

- अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, रिंगवरच ठेवा. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि मधली दांडी थेट अंगठ्यावर बसते.
- अवघड जागा आधी उतरून पायी बघा.
- गिअर चढाआधीच ठरवा, लो रेंजसकट (म्हणजे वेग कमी, जोर जास्त देणारे गिअर). मध्येच बदलायला गेलात तर वेग तिथेच मरतो.

सगळ्यात जास्त जीव लावून शिका ते चढावर बंद पडल्यावर काय करायचं ते. ब्रेक घट्ट, रिव्हर्स गिअर, चाकं सरळ, आणि आरशात बघत, इंजिनच्या जोरावर रोखत, आल्या वाटेने सरळ मागे. वळवून खाली आणायचा मोह होतोच, पण उतारावर आडवा झालेला ट्रक उलटू शकतो. क्लच दाबून घरंगळू देणं तितकंच घातक. हा सराव हक्काने पुन्हा पुन्हा मागून घ्या.

वाळूत रुतलात तर रेस देऊ नका, चाकं आणखी खोल जातात. टायरची हवा कमी करून बघा. डांबरीवर परतताना मात्र आठवणीने भरा.

डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकाच वेगाने फिरवणारी सोय) आणि विंच (रुतलेला ट्रक दोराने ओढून काढणारं यंत्र) नंतर. आत्ता डोक्यात घेऊ नका.