टेन्सेसच्या धाकानं नाइट ड्यूटी टाळणारी सिस्टर

‘मॅडम, इंग्रजी समजतं सगळं, पण टेन्सेस येत नाहीत.’ समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य किती वेगवेगळ्या माणसांनी म्हटलं असेल! बढतीची मुलाखत टाळत राहिलेला बँकेतला अधिकारी, मुलाच्या शाळेत पालकसभेला दर वेळी नवऱ्यालाच पाठवणारी आई, मुलाकडे मेलबर्नला गेल्यावर शेजाऱ्यांशी बोलायला लागू नये म्हणून फिरायला जाणंच बंद केलेले निवृत्त गृहस्थ. यांतलं कुणीही इंग्रजीसाठी माझ्याकडे आलेलं नसतं. झोप लागत नाही, चिडचिड होते, छातीत धडधडतं, अशी तक्रार असते. दोन-तीन भेटींनंतर, आवाज खाली आणून, टेन्सेसचा विषय निघतो.

या सगळ्यांना एकत्र उत्तर द्यावं असं बरेच दिवस मनात होतं. त्यासाठी एका सिस्टरची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिशी ओलांडलेली, जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, पुण्यातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात मेडिकल वॉर्डला काम करणारी. शाळा कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावातली, मराठी माध्यमाची. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. तिची तुकडी त्याआधीची, पाचवीत एबीसीडी गिरवलेली. कामात इतकी चोख, की नव्या मुलींना पेशंटची शीर सापडेना झाली की त्या हिलाच हाक मारायच्या. पण नाइट ड्यूटी लागली की हिचं पोट बिघडायचं. नाइट संपताना सकाळच्या पाळीला ओव्हर द्यावी लागते, म्हणजे एकेका पेशंटचं रात्रभरात काय झालं ते सांगून जबाबदारी सोपवायची, आणि तिथं ते इंग्रजीत चालतं. समोर इन्चार्ज, राउंडला आलेले डॉक्टर आणि केरळहून, ईशान्य भारतातून आलेल्या सहकारी. हिनं पाळ्या बदलून घ्यायचा सपाटा लावला. बदली मिळाली नाही की आजारपणाची रजा. रजा संपल्या तेव्हा ती माझ्याकडे आली. पोटाच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल होत्या.

‘ओव्हर देताना नेमकं काय होतं?’ मी विचारलं.

‘तोंड उघडायच्या आधीच डोक्यात तक्ता येतो. हा पास्ट की प्रेझेंट परफेक्ट? हॅव लावू की हॅड? मग व्ही टू की व्ही थ्री, म्हणजे क्रियापदाचं दुसरं रूप की तिसरं? तोवर सगळे माझ्याकडे बघत असतात.’

‘मग?’

‘मग मी क्रियापदच गाळते. फीवर, टॅबलेट, नाऊ ओके. एकदा एक ज्युनिअर हसली.’

हा तक्ता आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा आहे. तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार, एकूण बारा चौकटी आणि प्रत्येक चौकटीत एक सूत्र. रिकाम्या जागा भरायला तो उपयोगी पडतो, कारण तिथं विचार करायला वेळ असतो आणि समोर कुणी वाट बघत नसतं. बोलताना दोन्ही गोष्टी उलट. शिवाय बाराही चौकटी सारख्याच महत्त्वाच्या असल्यासारख्या दिसतात, हा तक्त्याचा मला सर्वांत मोठा दोष वाटतो. रोजच्या बोलण्याचा फार मोठा भाग साध्या वर्तमानकाळावर आणि साध्या भूतकाळावर निभावतो. ‘आय शॅल हॅव बीन वर्किंग’ म्हणायची वेळ वर्षानुवर्षं येत नाही, पण त्याची भीती मात्र रोज वाहिली जाते.

पुढच्या भेटीत मी तिला म्हटलं, ‘आता मला ओव्हर द्या. मराठीत. पेशंट मनानंच रचा.’

ती खुर्चीत सरळ बसली. आवाज बदलला. ‘बेड नंबर चारच्या आजी. रात्री ताप होता. अकराला गोळी दिली. आता ताप नाही. सलाईन चालू आहे. काल संध्याकाळपासून त्यांनी काही खाल्लेलं नाही. डॉक्टर दहाला येतील.’

मी वाक्यं टिपून घेतली होती, ती तिला वाचून दाखवली. ‘होता’, ‘दिली’, ‘चालू आहे’, ‘खाल्लेलं नाही’, ‘येतील’.

‘यातला एक तरी काळ तक्ता आठवून निवडलात का?’

‘नाही. जे झालं ते सांगितलं.’

‘आता हेच, एकेक वाक्य, इंग्रजीत सांगा. घाई नाही.’

ती सावकाश बोलायला लागली. ‘शी हॅड फीवर ॲट नाइट. आय गेव्ह टॅबलेट ॲट इलेव्हन. नाऊ नो फीवर. सलाईन इज रनिंग. शी हॅज नॉट ईटन एनीथिंग सिन्स लास्ट इव्हनिंग...’ इथं ती थांबली. मीही काही बोलले नाही. अशा वेळी शाबासकी द्यायचा मोह होतो. तो आवरायला मी या कामात हळूहळू शिकले आहे, कारण समोरच्याला जे स्वतःहून दिसणार असतं ते आपल्या एका शब्दानं झाकलं जातं.

‘हे प्रेझेंट परफेक्ट आहे ना?’ तिनं विचारलं.

‘आहे.’

‘पण मी ते लावलं नाही. ते आलं.’

या एका वाक्यासाठी आधीच्या सगळ्या भेटी झाल्या, असं मला वाटतं. ‘मला टेन्सेस येत नाहीत’ म्हणणाऱ्या माणसाला काळाची जाण नसते असं कधीच नसतं. ‘मी जेवले’, ‘मी जेवत होते’, ‘मी जेवले होते’ यांतला फरक आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून कळतो. कुणी पान वाढायला लागलं की आपण ‘जेवलेय मी’ म्हणतो. किती वाजता जेवले ते सांगत नाही, कारण तिथं वेळेला महत्त्व नसतं. पोट आत्ता भरलेलं आहे एवढंच सांगायचं असतं. इंग्रजीत ‘आय हॅव ईटन’ म्हणतात ते याच गरजेतून. बोलताना मनाशी प्रश्न असतो तो घटनेचा: ही गोष्ट झाली आणि संपली का, अजून चालू आहे का, की होऊन गेली पण तिचा परिणाम आत्ता आहे? तक्ता आपल्याला आधी रूप विचारतो आणि घटना मागाहून. तिथंच माणूस अडतो.

अर्थात मराठीच्या आधारावर सगळंच निभावत नाही. दोन भाषा जिथं वेगळ्या वाटांनी जातात त्या जागा मोजक्या आहेत आणि त्या ओळखून ठेवल्या की निम्मी धास्ती जाते. ‘मी गेले नाही’ म्हणताना मराठीत ‘गेले’ हे भूतकाळातच राहतं, म्हणून आपल्या तोंडून ‘डिड नॉट वेंट’ निघतं. हे समजावताना मी म्हटलं, की इंग्रजीत भूतकाळ दाखवायचं काम ‘डिड’ करतं, मग मूळ क्रियापदानं ते परत करायचं नसतं. त्यावर तिचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं होतं. ‘म्हणजे डिड ड्यूटीवर आलं की वेंटनं ओव्हर देऊन घरी जायचं, आणि मग गो उरतं.’ त्यानंतर ती चूक तिच्याकडून मी फारशी ऐकली नाही.

दुसरी जागा ‘पासून’ची. ‘मी दहा वर्षांपासून इथं काम करते’ हे मराठीत साध्या वर्तमानकाळात बसतं. इंग्रजीत मागून सुरू होऊन आजवर चालत आलेल्या गोष्टीला ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स’ लागतं. ‘सिन्स’ येतं ते सुरुवात कधी झाली ते सांगताना, ‘सिन्स २०१४’ असं. तिसरी जागा घड्याळाची. ‘यस्टरडे’, ‘ॲट इलेव्हन’, ‘लास्ट वीक’ असा संपलेला वेळ वाक्यात आला की ‘हॅव’ काढून टाकायचं. आणि ‘पोहोचले की फोन करते’ या वाक्यात आपण चक्क भूतकाळ वापरतो, तिथं इंग्रजीत वर्तमानकाळ येतो: ‘व्हेन आय रीच, आय विल कॉल’. ‘आय नो’ऐवजी ‘आय ॲम नोइंग’ म्हणण्याच्या चुकीबद्दल मी तिला काही सांगितलं नाही. ते तिच्या कामात कधी येत नव्हतं.

भाषेचा गुंता इथवर बराच सुटला होता, पण पोट दुखायचं थांबलं नव्हतं. त्याचं मूळ क्रियापदात नव्हतं.

‘ती ज्युनिअर हसली,’ मी म्हटलं. ‘पुढं?’

‘तिला वाटलं असणार, हिला काही येत नाही.’

‘वाटलं असेल असं धरून चालू. मग आता शीर सापडली नाही की ती कुणाला बोलावते?’

ती जरा गप्प झाली. ‘मलाच.’

आपण चुकू नये असं वाटणं चांगलं आहे, त्यातूनच माणूस अभ्यास करतो. ‘मी चुकताच कामा नये, चुकले तर मी कुचकामी’ ही मात्र मागणी आहे, आणि ती मागणी पोटात गोळा आणते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली ती या फरकावर, आणि इतकी वर्षं काम केल्यावर मला त्यांचं म्हणणं अधिकच पटत गेलं आहे. एलिस यांना तरुणपणी चार लोकांसमोर बोलायची फार भीती वाटे. भीती जाईपर्यंत थांबायचं सोडून ते भीतीसकट पुन्हा पुन्हा बोलायला उभे राहिले.

मग आम्ही चुकांचीच वर्गवारी केली. सिस्टरला ते लगेच जमलं, कारण कोणता पेशंट आधी बघायचा हे ती रोज ठरवते. ‘आय गिव्ह इन्सुलिन’ ही चूक धोक्याची आहे. दिलं, देतेय की द्यायचंय? ऐकणाऱ्याचा गैरसमज झाला तर डोस दोनदा जाईल, नाहीतर जाणारच नाही. ‘आय हॅव गिव्हन इन्सुलिन ॲट सेव्हन’ हे व्याकरणाला धरून नाही, पण त्यानं पेशंटचं काही बिघडत नाही. आणि ‘शी टेक्स’ऐवजी ‘शी टेक’ म्हटलं तर अर्थाला धक्काच लागत नाही. गंमत म्हणजे हा ‘एस’ इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांनाही उशिरा येतो. रॉजर ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं तीन मुलांच्या बोलण्याचा बारकाईनं मागोवा घेऊन १९७३ मध्ये मांडलं, की ‘-इंग’ रूप मुलं लवकर उचलतात आणि तृतीयपुरुषी ‘एस’ बराच मागाहून येतो. नियम सोपा असला तरी तो जिभेवर लवकर येतोच असं नाही. हे ऐकून तिला जेवढं हायसं वाटलं तेवढं माझ्या कुठल्याच धीराच्या शब्दांनी वाटलं नव्हतं.

मी तिला एक काम दिलं. पुढच्या ओव्हरमध्ये एक निरुपद्रवी चूक मुद्दाम करायची. औषधाच्या वाक्यात नाही, वेळेच्या वाक्यात नाही.

ती आली ती बसायच्या आधीच बोलायला लागली. ‘मॅडम, मी मुद्दाम "शी टेक टी" म्हटलं. कुणी वरसुद्धा बघितलं नाही. इन्चार्जनी एवढंच विचारलं, चहात साखर होती का? पेशंट डायबेटिक होती.’

लोक आपलं क्रियापद ऐकत नसतात, त्यांना साखरेचं कळायला हवं असतं. हे मी सांगून पटलं नसतं.

आता सरावाविषयी, कारण पत्रातून आणि भेटीतून सगळ्यांत जास्त विचारणा त्याचीच होते. सिस्टरनं जो केला तोच सांगते. रोज घरी आल्यावर त्या दिवशीची एकच घटना ती मोबाइलवर मोठ्यानं सांगायची, मिनिट-दोन मिनिटं, साध्या भूतकाळात. लिहून काढायचं नाही, थांबून दुरुस्त करायचं नाही. दुसऱ्या दिवशी ऐकायचं आणि अर्थ बिघडवणारी एकच चूक शोधायची. बाकीच्या सोडून द्यायच्या. हे सवयीचं झाल्यावर तीच घटना ‘आत्ता घडतेय’ अशी सांगायची, मग ‘हे रोज असंच होतं’ अशी. घटना आपली, ओळखीची असल्यामुळे मन फक्त काळ बदलण्याकडे राहतं. अनियमित क्रियापदांची लांबलचक यादी मी तिला बाजूला ठेवायला लावली. इंग्रजीत सगळ्यांत जास्त वापरली जाणारी क्रियापदंच अनियमित आहेत: गो, कम, से, गेट, टेक, गिव्ह, सी. ती रोजच्या वाक्यांतून येत राहतात, आणि ‘आय टुक हर बीपी’ हे चार वेळा म्हटलेलं ‘टेक-टुक-टेकन’च्या घोकंपट्टीपेक्षा पक्कं बसतं. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीची हमी देणाऱ्या जाहिरातींवर कुणी पैसे घालवू नयेत, असं मला कळकळीनं वाटतं. तिला बरेच महिने लागले आणि तेवढे लागणारच होते.

आता ती पाळ्या बदलून मागत नाही. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’मध्ये अजून गोंधळते आणि गोंधळली की ‘सॉरी, फॉर थ्री डेज’ म्हणून पुढं जाते. ज्यांचा त्रास इंग्रजीपुरता नाही, मराठीत चार लोकांसमोर बोलतानाही घाम फुटतो, हात थरथरतात, त्यांनी मात्र टेन्सेसच्या मागं न लागता आधी त्या भीतीसाठी मदत घ्यावी. व्याकरण सुधारून ती जाणार नाही.

आणि घरच्यांना एक विनंती. बायको, आई, मुलगा इंग्रजी बोलायचा प्रयत्न करत असेल तर वाक्य मधेच तोडून ‘वेंट नाही, गो’ असं म्हणू नका. ‘आय डिड नॉट वेंट टु द मार्केट’ असं ऐकलं तर ‘ओ, यू डिडन्ट गो? व्हाय?’ असं विचारा. बरोबर रूप कानावर पडतं, आणि पुढचं वाक्य बोलायला त्यांना कारणही मिळतं.