परदेशात शिकलेल्या उत्तर आफ्रिकी दिग्दर्शकांपैकी सुरुवात कोणापासून करावी?

माझं उत्तर: ट्युनिशियाच्या मुफिदा त्लातली.

जन्म 1947, सिदी बू सईद. पॅरिसच्या 'इदेक' या चित्रपट संस्थेत त्या संकलन शिकल्या आणि 1970च्या दशकात मायदेशी परतल्या. पुढची वीसेक वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे चित्रपट संकलित केले: अल्जीरियाच्या मर्झाक अलुआशचा 'ओमर गॅटलाटो', पॅलेस्टिनी मिशेल ख्लेफीचा 'फर्टाइल मेमरी', फेरीद बुगदीरचा 'हलफाऊईन'. अरब सिनेमाचा तो बहराचा काळ त्यांच्या टेबलावरून गेला, असं म्हटलं तरी चालेल. म्हणूनच त्यांना 'उशिरा आलेली दिग्दर्शिका' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

स्वतःचा पहिला चित्रपट 'द सायलेन्सेस ऑफ द पॅलेस' 1994चा. आईच्या आजारपणानंतर, तिच्या पिढीच्या बायका किती काही न बोलताच राहिल्या, या विचारातून तो आला. राजवाड्यातल्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या दासी, फ्रेंच सत्तेचे शेवटचे दिवस, आणि वडील कोण हे कधीच न कळलेली आलिया. देश स्वतंत्र होतो, पण या बायका होतात का, हा त्यातला खरा प्रश्न. छोट्या आलियाच्या भूमिकेतली हेंद सबरी पुढे अरब जगतातली मोठी अभिनेत्री झाली. कान महोत्सवात 'कॅमेरा द'ओर' या पहिल्या चित्रपटासाठीच्या पुरस्कारात विशेष उल्लेख मिळाला, ट्युनिशियातल्या कार्थेज चित्रपट महोत्सवात सुवर्ण तानित हा सर्वोच्च पुरस्कार.

नंतर 'द सीझन ऑफ मेन' (2000) आणि 'नादिया ए सारा' (2004). 2011च्या क्रांतीनंतर त्या अल्पकाळ सांस्कृतिक मंत्रीही होत्या. 2021मध्ये त्यांचं निधन झालं.

आधी 'सायलेन्सेस' बघा, आणि घाई न करता. स्वयंपाकघरातली गाणी नीट ऐका.