संकटकाळात नेते लोकांना नको असलेली आर्थिक धोरणं कशी रेटून नेतात?
घाबरलेला माणूस घर, औषधं, नोकरी सावरण्यात गुंतलेला असतो. विरोध करायला त्याच्याकडे ना वेळ असतो ना बळ. नेते नेमकी हीच वेळ साधतात. धोरणाचा मसुदा बऱ्याचदा आधीपासूनच तयार असतो, 'आता दुसरा इलाज नाही' म्हणायला निमित्त तेवढं हवं असतं.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचंच बघा. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळानं शहर बुडालं. लोक परगावी विखुरलेले असतानाच राज्य सरकारनं बहुतेक सरकारी शाळा ताब्यात घेतल्या आणि हळूहळू त्या स्वतंत्र संस्थांकडे चालवायला गेल्या. ७ हजारांहून अधिक शिक्षक-कर्मचारी कामावरून काढले गेले. घर पाण्यात गेलेल्यांची नोकरीही गेली, आणि हे मला फार क्रूर वाटतं.

तातडीचे निर्णय घ्यावे लागतात, मान्य. पण त्या निर्णयाचा संकटाशी संबंध काय आणि त्याला मुदत आहे का, हे विचारायलाच हवं.

कधी स्पष्ट नकारही पुरत नाही. कर्जात बुडालेल्या ग्रीसमध्ये २०१५ साली बँका बंद होत्या, एटीएममधून दिवसाला फक्त ६० युरो निघत. तरीही ५ जुलैच्या सार्वमतात ६१ टक्के लोकांनी कर्ज देणाऱ्यांच्या अटी फेटाळल्या. आठ दिवसांत सरकारनं पेन्शनकपात आणि वाढीव व्हॅट मान्य केला.